‘सिन्स थ्री डेज’ची कुळकथा

मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेतला इंग्रजीतला रजेचा अर्ज उघडा, ‘आय अॅम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स थ्री डेज’ हे वाक्य बहुतेक वेळा सापडतं. सर लाल शाईनं ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ करतात आणि पुढच्या अर्जात ‘सिन्स’ पुन्हा हजर. त्याच मुलाला एकाच दिवसाचा ताप असेल तर तो ‘सिन्स यस्टरडे’ लिहितो आणि तिथं ‘सिन्स’ अगदी बरोबर बसतो. कारण त्याच्या डोक्यात दोन्हीकडे एकच शब्द आहे: कालपासून ताप, तीन दिवसांपासून ताप.

या ‘पासून’ला आपल्या भागात आणखी एक आधार मिळाला, तो उर्दूचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दरबारची भाषा आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उर्दू. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून शिकवले जात आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची इंग्रजीशी गाठ बऱ्याचदा उर्दूच्या वाटेनं पडायची. उर्दूत ‘कल से बुखार है’ आणि ‘तीन दिन से बुखार है’, दोन्हीकडे ‘से’च. ‘पाँच बजे तक रुको’ आणि ‘पाँच बजे तक आओ’, दोन्हीकडे ‘तक’च. मराठीतली सवय मोडावी असं काही या वाटेवर भेटतच नव्हतं. पुढे शिकवण्याची भाषा मराठी झाली, 1950 साली औरंगाबादेत मिलिंद आणि नांदेडात पीपल्स कॉलेज उभं राहिलं, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आलं, 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. ‘सिन्स थ्री डेज’ या सगळ्यातून सुखरूप बाहेर आला.

वेळ सांगायच्या रीती आमच्याकडे कमी होत्या असंही नाही. पंचांगात शके, सरकारी कागदात फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलं जाणारं वर्ष. जमिनीच्या जुन्या नकला काढायला गेलेल्या माणसाला माहीत असतं की फसलीत 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतं. 1948 साली भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, म्हणजे पोलीस अॅक्शन झाली, तेव्हा फसली 1357 चालू होतं. महिने आजूर, दय, बहमन असे फारसी. शेतात मात्र दिस कासराभर वर आला की न्याहारी आणि दिवेलागणीला घरी. घड्याळातले तास-मिनिटं लोकांच्या अंगवळणी पडायला मनमाड-औरंगाबाद-नांदेड-सिकंदराबाद या रेल्वेचाही हातभार लागला असणार. ती विसाव्या शतकाच्या तोंडावर धावू लागली.

आता इंग्रजीकडे येऊ. ‘तासाला अॅट, वाराला ऑन, महिन्याला इन’ हा तक्ता पाठ करताना वाटतं की इंग्रज जन्मतःच असं बोलत आला असेल. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्या मराठीच्या बरीच जवळ होती. नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत आणि पुष्कळदा वेळ त्या प्रत्ययावरच भागे. ‘ही वर्क्स नाइट्स’ म्हणजे तो रात्रपाळी करतो. त्यातला ‘स’ आज अनेकवचनाचा वाटतो, पण मुळात तो षष्ठीचा, ‘रात्रीचा काम करतो’ यातल्या ‘चा’सारखा. ‘ऑलवेज’च्या शेवटी लागलेला ‘ज’ही त्याच घरचा. किती वेळ हे सांगायचं तर नाम द्वितीयेत ठेवलं की पुरे, शब्दयोगी लागतच नसे. म्हणून आजही ‘ऑल डे’ला पुढे काही लागत नाही आणि ‘ही स्टेड थ्री डेज’ हे ‘फॉर’शिवाय चालतं. ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट इयर’, ‘एव्हरी संडे’ हेही असेच मोकळे फिरतात. आपण ‘दर सोमवारी’ म्हणतो, तिथं ‘ई’ प्रत्यय दिसतो, आणि हात आपोआप ‘ऑन एव्हरी मंडे’ लिहून मोकळा होतो.

नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात स्कँडिनेव्हियाचे लोक येऊन वसले, 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले. या सरमिसळीत, आणि शब्दांचे शेवट बोलताना गिळले जात असल्यामुळे, इंग्रजीचे प्रत्यय झिजत गेले. त्यांचं काम सुट्या शब्दांवर येऊन पडलं. त्या आधी ‘ऑन’चा संसार फार मोठा होता, आज जिथं ‘इन’ वापरतात तिथंही बऱ्याच ठिकाणी ‘ऑन’च असायचा. मग हळूहळू वाटण्या झाल्या. त्या कुणी बसून आखलेल्या नव्हत्या, म्हणूनच ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ऑन मंडे मॉर्निंग’, आणि रात्रीला मात्र ‘अॅट नाइट’. जुना ‘ऑन’ एका ठिकाणी तर वेश बदलून बसला आहे. ‘ट्वाइस अ डे’मधला ‘अ’ हे मूळचं उपपद नव्हे, तो झिजलेला ‘ऑन’ आहे. ‘टुडे’, ‘टुमॉरो’मध्येही ‘टू’ हे शब्दयोगी आधीच शिवलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोक ‘टू’ आणि ‘डे’ यांच्यामध्ये रेघ देऊन लिहीत. ‘ऑन टुमॉरो’ म्हणणं म्हणजे एकावर एक दोन शब्दयोगी चढवणं.

बाकीची मंडळी अशीच ठिकठिकाणांहून आलेली. ‘टिल’ स्कँडिनेव्हियातल्या भाषेतून, आणि ‘अनटिल’चं ते लघुरूप नव्हे, ‘टिल’च थोरला. ‘ड्युरिंग’ फ्रेंचमधून. ‘अगो’ म्हणजे मुळात ‘गेलेले’. ‘सिन्स’ हा ‘त्यानंतर’ अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा वंशज आहे, आणि माझ्या मते हीच यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ‘त्यानंतर’ म्हणायला आधी ‘ते’ असावं लागतं. काल, सोमवार, 1948, लग्न, पाऊस थांबला तो क्षण, असा एखादा खुंटा पाहिजे. ‘तीन दिवस’ हा खुंटा होत नाही, ते अंतर आहे, त्याला ‘फॉर’.

हा भेद न सांभाळणारे आपण एकटेच नाही. जर्मन ‘झाइट’ आणि फ्रेंच ‘दप्वी’ हे शब्द खुंटा आणि अंतर दोन्हींना चालतात, त्यामुळे त्या भाषा बोलणारेही इंग्रजीत इथंच ठेचकाळतात. मराठवाड्यात तर भेद करणारं साधन बोलण्यात तयार आहे. लातूरच्या स्टँडवर कुणाला विचारा, तो म्हणेल, ‘दोन घंटे झाले बसूलालो’, म्हणजे बसलोय. तोच सांगेल, ‘सकाळधरनं बसूलालो.’ ‘सकाळ झाली बसूलालो’ असं तो म्हणणार नाही. म्हणजे ‘पासून’ काढून तिथं ‘झाले’ बसत असेल तर ‘फॉर’, बसत नसेल तर ‘सिन्स’. ‘चार सोमवार झाले’ म्हटलं तर ते मोजमाप झालं, तिथंही ‘फॉर’च. तक्त्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण पोराला ते आधीपासून येतं. क्रियापदाची भानगड मात्र यानं सुटत नाही. आपण ‘बसलोय’, ‘ताप आहे’ असं वर्तमानात बोलतो आणि इंग्रजीला तिथं ‘हॅव बीन’, ‘हॅव हॅड’ हवं असतं.

‘पर्यंत’चंही असंच आहे, पण त्याकडे वर्गात फारसं कुणी बघत नाही. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ यात थांबणं पाचापर्यंत चालू राहतं, ते ‘अनटिल’. ‘पाच वाजेपर्यंत ये’ यात येणं एकदाच घडायचं आहे, पाचच्या आत कधीही, ते ‘बाय’. ‘पाचच्या आत ये’ म्हणता येतं, ‘पाचच्या आत थांब’ म्हणता येत नाही, म्हणून ‘च्या आत’ बसेल तिथं ‘बाय’. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘सबमिट द फॉर्म्स टिल फिफ्टीन्थ जून’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजी कानाला ते पंधरा तारखेपर्यंत फॉर्म देतच राहा असं ऐकू येतं. ‘बाय फिफ्टीन्थ जून’ लिहिलं तर पंधरा तारीख धरून मुदत, आणि ‘बिफोर’ लिहिलं तर चौदालाच खिडकी बंद.