मोटर तळघरात, नळी दिवाणखान्यात

टोरांटोच्या आसपास तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं घर विकत घेतलं की भिंतीत, विजेच्या प्लगच्या उंचीला, स्प्रिंगचं झाकण असलेलं एक गोल भोक बऱ्याचदा दिसतं. झाकण उचलून नळी खुपसली की तळघरात किंवा गॅरेजात मोटर घुमू लागते. ही सेंट्रल व्हॅक्यूम, म्हणजे एकाच मोटरने भिंतीतल्या पाइपांतून घरभरची धूळ ओढणारी मध्यवर्ती यंत्रणा. ती अलीकडची चैन असावी, असं नव्या घरमालकाला वाटतं. खरं तर हातात धरून फिरवायच्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा ही व्यवस्था वयाने मोठी आहे.

1901 मध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. त्याने आधी पाहिलेलं यंत्र धूळ फुंकून उडवायचं, आणि उडालेली बरीचशी धूळ पुन्हा जागेवर येऊन बसायची. बूथचं यंत्र इतकं अवजड की ते घोडागाडीवरून येई, रस्त्यातच उभं राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. धूड बाहेर, माणसाच्या हाती फक्त नळी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड केनी याने पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये सुमारे 4,000 पौंड वजनाचं, वाफेवर चालणारं यंत्र कायमचं बसवलं आणि इमारतभर पाइप फिरवले.

पण लोखंडी पाइप, आटे पाडून केलेले सांधे आणि पंप हा खर्च मोठ्या इमारतींना आणि धनिकांच्या बंगल्यांनाच झेपण्यासारखा. त्यात 1907 मध्ये ओहायोतल्या कँटन गावी दुकानाची झाडलोट करणाऱ्या, दम्याने बेजार झालेल्या जेम्स मरे स्पँगलरने पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून हाताने ढकलायचं यंत्र केलं. पुढे त्याचे हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. भिंत न फोडता काम होत असेल तर पाइप कोण घालणार? मध्यवर्ती यंत्रणा कित्येक वर्षं मागे पडली.

तिला पुन्हा वर आणलं ते प्लास्टिकच्या पाइपाने. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसी स्वस्त झालं, आणि करवतीने कापून सोल्युशनने चिकटवायचा हलका पाइप लाकडी सांगाड्याच्या पोकळ भिंतींत सहज बसला. उत्तर अमेरिकेतल्या घरांची बांधणीच अशी असल्यामुळे तिथे ती रुजली. आपल्याकडे विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब. प्लास्टर होण्याआधी ठरवलं नाही, तर पुढे नुसती तोडफोड.

हा पाइप नळकामाचा नव्हे. याचा बाहेरचा व्यास 2 इंच भरतो. नळकामातला 2 इंची म्हणवणारा पाइप बाहेरून साधारण 60 मिलिमीटर असतो, त्यामुळे एकाचे जोड दुसऱ्याला बसत नाहीत. भिंतीतल्या एका भोकाला, म्हणजे तोंडाला, सुमारे 9 मीटरची नळी लावून 600 ते 700 चौरस फूट झाडता येतं. पाइपासोबत 24 व्होल्टची दोन पदरी वायर जाते. नळीच्या टोकाचं धातूचं कडं तोंडातल्या दोन संपर्कबिंदूंना टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि मोटर सुरू होते.

बसवताना बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. कापलेल्या कडेची कुसळं खरवडून काढली नाहीत तर केस आणि दोरे तिथेच अडकून गुंता वाढत जातो. सोल्युशन पाइपाच्या बाहेरून लावायचं; जोडाच्या आत लावलं तर पाइप ते पुढे ढकलतो आणि आतल्या बाजूला कंगोरा तयार होतो. आडव्या मुख्य पाइपातून टी (फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड) खाली तोंड करून काढला तर वाहणारा कचरा त्या फाट्यात पडून साठतो, म्हणून फाटा बाजूने किंवा वरून जोडायचा. सगळी वळणं लांब, ऐसपैस. फक्त भिंतीतल्या तोंडाच्या लगेच मागे मुद्दाम आखूड काटकोन. पेन्सिल अडकायचीच तर ती हाताला लागेल अशा जागी अडकावी. ते वळण पार केलेली वस्तू पुढे सहसा अडत नाही.

जाहिराती ओढीच्या जोराबद्दल बोलतात. आमच्या मते खरी सोय दोनच गोष्टींत आहे: खोलीत आवाज नाही, आणि निकास, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारी हवा, घराबाहेर काढलेला असेल तर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ पुन्हा नाकात येत नाही. निकास गॅरेजातच सोडला तर यातली दुसरी सोय निम्मी वाया जाते. मोटरखालची कचऱ्याची बादली वर्षातून तीन-चार वेळा रिकामी केली तरी बहुतेक घरांत भागतं. गैरसोय म्हणजे ती 9 मीटरची नळी. ती जड असते, कपाट अडवते आणि जिन्यावर पायात येते. नळी भिंतीतल्या पाइपातच ओढून ठेवणारी सोय नंतर आली, पण तिला वेगळे, मोठ्या त्रिज्येचे जोड लागतात. जुन्या पाइपांवर ती सरसकट बसत नाही.

ओढ कमी झाली तर आधी नळी काढून, तोंडातले दोन संपर्कबिंदू धातूच्या तुकड्याने जोडून मोटर चालू ठेवावी आणि तळहात भिंतीच्या तोंडावर धरावा. तिथे ओढ जोरदार असेल तर अडथळा नळीत आहे. तिथेही कमी लागली तर मोटरजवळच्या तोंडाशी तपासावं. तिथे चांगली असेल तर पाइप तुंबला आहे किंवा एखाद्या झाकणाच्या रबरातून हवा गळतेय (शीळ घातल्यासारखा आवाज येतो). तिथेही मंद असेल तर बादली आणि फिल्टर बघावा. जिप्समच्या भिंती घासल्यावर उडणारी पांढरी भुकटी या यंत्राने ओढली की फिल्टर बघता बघता चोंदतो, आणि हवा न मिळालेली मोटर तापत जाते.