माय की पाय?

आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘माय’ म्हणा. मग ‘पाय’ म्हणा. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलानं ओठ बघून मराठी शिकायची, तर ते पहिल्याच शब्दाला अडखळणार.

ऐकणारं मूल बालवाडीत येतं तेव्हा मराठी त्याच्या अंगात मुरलेली असते. ओळखीच्या आवाजाला अक्षर जोडलं की झालं. कर्णबधिर मुलाला अक्षर आणि भाषा एकदमच शिकावी लागते. अशा दहातल्या नऊ मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, म्हणजे घरीही खुणांची भाषा बहुधा नसतेच. त्यात आपले प्रत्यय: घर, घरात, घराला, घरून. चार वर्षांच्या मुलानं यातलं काय धरायचं?

दादरच्या फलाटावर कर्णबधिर मुलांचा घोळका रंगात आलेला पाहिलाय का? गाडी सुटली तरी खिडकीतून गप्पा चालूच. त्या हातांना पुरेपूर व्याकरण आहे. खूण म्हणजे हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांची जुळणी, हे भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेतल्या खुणांचा अभ्यास करून १९६० साली दाखवून दिलं. आणि जे घटकांत मोडता येतं, ते लिहिताही येतं.

व्हॅलरी सटन नृत्याच्या हालचाली कागदावर उतरवायच्या. १९७४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या सांगण्यावरून त्यांनी तीच युक्ती खुणांसाठी वापरली आणि ‘साइनरायटिंग’ ही लिपी तयार झाली. आपल्याकडची ‘बाई’ची खूण घ्या: तर्जनी नाकपुडीला, चमकीच्या जागी टेकवायची. लिपीत चेहऱ्यासाठी एक वर्तुळ काढायचं, नाकाशी मुठीचा छोटा चौकोन, त्यातून निघालेली बोटाची रेघ, आणि स्पर्शासाठी चांदणी. तळवा खूण करणाऱ्याकडे असेल तर हात पांढरा, मागची बाजू असेल तर काळा. भुवया उंचावल्या, गाल फुगवले, तेही लिहिता येतं. २०१५ पासून ही चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय चिन्हसंचात आहेत, तब्बल ६७२.

वर्गात या लिपीतलं पान मुलापुढे ठेवलं की ते स्वतःचीच भाषा वाचतं. कागदावरच्या रेघांमागे बोलणं असतं, हा वाचनाचा गाभा त्याला तिथंच उमगतो. मग त्याच पानावर, खुणेच्या शेजारी, ‘बाई’ हा मराठी शब्द. आता तो नुसता गिरवायचा आकार राहत नाही, त्याला अर्थ चिकटतो. निकाराग्वात ब्लूफिल्ड्स गावच्या कर्णबधिर मुलांना या लिपीतून वाचायला शिकवलं गेलं.

कुणी म्हणेल, व्हिडिओ आहेत की. आहेत, आणि हवेतच. भारतीय सांकेतिक भाषेच्या डिजिटल शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. पण व्हिडिओवर बोट ठेवून मागच्या ओळीवर जाता येत नाही. आपलं वाक्य खोडून पुन्हा लिहिता येत नाही. वहीत येतं.

एक अट मात्र मोठी आहे. मुलाच्या हातात खुणांची भाषा आधी रुळलेली हवी. जी भाषाच येत नाही, तिची लिपी काय वाचणार? १८८० साली इटलीतल्या मिलानमध्ये भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेनं शाळांमधून खुणा हद्दपार करायचा ठराव केला, आणि पुढं कित्येक पिढ्या मुलांचे हात वर्गात खाली ठेवायला लावले गेले. मुंबईत कागद-पेन्सिलीची वानवा नाही. बालवाडीत, मुलांच्या समोर, खुणांमध्येच वाढलेली कर्णबधिर बाई शिक्षिका म्हणून बसलेली मला पाहायची आहे. वहीचं काम त्यानंतर लगेच सुरू करता येईल.