भाकरी थापणारा हात

सेलूजवळच्या खेड्यात माझी मावशी राहते. सकाळी चुलीपुढं बसून ती काटवटीत शाळूचं पीठ मळते, तेव्हा मी नुसता तिचा हात बघत बसतो.

मळायला जोर लागतो तो खांद्यातून येतो. दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल आहे, पण ते टेकतं ती खोबण बशीसारखी उथळ. म्हणून तर हात पुढं, मागं, वर, गोल, कसाही फिरतो. मांडीच्या हाडालाही असाच गोळा असतो, मात्र तो खुब्याच्या खोल उखळीत रुतलेला. सगळ्या अंगाचा भार पेलायचा तर मोकळेपणा थोडा सोडावाच लागतो. खांदा निखळल्याचं आपण जितकं ऐकतो तितकं खुब्याचं ऐकत नाही, ते यामुळंच.

कोपर म्हणजे दाराची बिजागरी. मिटते आणि उघडते, एवढंच.

मग भाकरी तव्यावर टाकताना उताणा तळहात पालथा होतो, तो कसा? डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरून बघा आणि तळहात पालथा करा. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागेवरच राहतं, अंगठ्याकडचं त्याला ओलांडून आडवं जातं. कोपराजवळ या हाडाचं गोल डोकं एका कड्यात फिरतं. मानेतही असाच खुंटीचा सांधा आहे. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरतो, तसा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो आणि आपण 'नाही' म्हणतो.

मला सगळ्यात नवल वाटतं ते अंगठ्याच्या मुळाचं. तिथं दोन हाडं एकमेकांवर खोगिरासारखी बसली आहेत. त्यामुळं अंगठा पुढं-मागं होतो, बाजूला होतो आणि वळून प्रत्येक बोटाला भिडतो. पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढणारी चिमूट यावरच चालते. पण त्याची किंमत मोठी आहे. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला, की मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. दिवसभर वेचणी करून आलेली बाई रात्री अंगठ्याचं मूळ चोळत बसते, तिचं दुखणं खरं आहे. तिला 'सवय होईल' म्हणू नये.

या सगळ्या सांध्यांत हाडांची टोकं गुळगुळीत कूर्चेनं मढवलेली असतात आणि मधे चिकट वंगण असतं. निरोगी गुडघ्यातसुद्धा ते लहान चमचाभर भरत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. दाबली की ती स्पंजासारखी पिळते, सोडली की वंगण शोषून घेते. तिचं पोषण होतं ते असं, हालचालीतून.

शेवटची भाकरी टोपल्यात टाकून मावशी उठते. गुडघा सरळ होता होता मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं आणि सांध्याला जणू कुलूप लागतं, म्हणून उभं राहायला फार जोर लागत नाही. पुन्हा बसायचं झालं, की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ते कुलूप काढतो, मगच पाय दुमडतो.