ब्लॅक माउंटन कॉलेज आणि मेक्सिको : कलाविषयक देवाणघेवाण

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक माउंटन कॉलेज (१९३३–५७) या प्रयोगशील संस्थेतील शिक्षक-विद्यार्थी आणि मेक्सिकोतील कलावंत, कारागीर व प्राचीन कलावशेष यांच्यात घडून आलेला संपर्क. त्याचा भरीव काळ सु. १९३५ ते १९५१ असा धरता येतो. ‘मेक्सिकन कलावंत’ या शब्दाची व्याप्ती इथे सैल ठेवावी लागते. या विनिमयातील दोन महत्त्वाच्या व्यक्तींपैकी क्लारा पोर्सेत जन्माने क्यूबाच्या आणि झां शार्लो पॅरिसचे होते. ज्यांच्याकडून संस्थेने सर्वाधिक घेतले, त्या मेक्सिकन कारागिरांची व शिल्पकारांची नावे नोंदलेली नाहीत.

ब्लॅक माउंटन ही काटेकोर अर्थाने कलाशाळा नव्हती. फ्लॉरिडातील एका महाविद्यालयातून काढून टाकलेले अध्यापक जॉन अँड्र्यू राइस आणि त्यांचे सहकारी थिओडोर ड्रायर यांनी काढलेले ते सर्वसाधारण शिक्षणाचे महाविद्यालय होते. मात्र कलेला त्यात केंद्रस्थान होते आणि शेतीपासून बांधकामापर्यंतची कामे शिक्षक-विद्यार्थी मिळून करीत. जर्मनीतील बौहाउस ही कलाशाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर तेथील शिक्षक योझेफ आल्बर्स (१८८८–१९७६) व त्यांच्या पत्नी, विणकर ॲनी आल्बर्स (१८९९–१९९४) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथे आले आणि १९४९ पर्यंत राहिले. मेक्सिकोशी असलेला संस्थेचा संबंध मुख्यतः या दांपत्याने घडवला. त्यामुळे अनेक ग्रंथांत तो त्या दोघांच्या चरित्राचा भाग म्हणून येतो. प्रस्तुत नोंदीत शक्य तेथे संस्थेची बाजू वेगळी केली आहे.

क्लारा पोर्सेत (१८९५–१९८१) : या संबंधाचा आरंभ साधारणपणे आल्बर्स दांपत्याच्या पहिल्या मेक्सिको प्रवासापासून मानतात, पण तो किंचित मागे नेणे अधिक योग्य वाटते. क्यूबातील गृहसजावटकार पोर्सेत १९३४ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटनला शिकून गेल्या आणि त्याच हिवाळ्यात आल्बर्स यांची व्याख्याने हवानात झाली. म्हणजे लॅटिन अमेरिकेचे दार या दांपत्यासाठी आधी एका विद्यार्थिनीने उघडले. राजकीय कारणांमुळे क्यूबा सोडावा लागल्यावर पोर्सेत मेक्सिकोत स्थायिक झाल्या. मेक्सिकोच्या भित्तिचित्र-चळवळीतील चित्रकार हाविएर गेर्रेरो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खेड्यांतील फर्निचर, विशेषतः ‘बुताके’ ही खोलगट, मागे रेललेली खुर्ची त्यांनी आधुनिक घरांसाठी नव्याने घडवली. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४० मध्ये जाहीर केलेल्या फर्निचर-स्पर्धेत मेक्सिकोतून आलेली एक रचना गेर्रेरो यांच्या नावे गौरवली गेली. अलीकडील अभ्यासक त्या रचनेत पोर्सेत यांचा वाटा मोठा मानतात आणि त्यांच्या पुढील कामाकडे पाहता हे मत ग्राह्य वाटते. १९५२ मध्ये मेक्सिको सिटीच्या पालासिओ दे बेयास आर्तेस या कलाभवनात त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनात हाताने घडवलेल्या आणि कारखान्यात तयार झालेल्या रोजच्या वापरातील वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या होत्या.

प्रवास : आल्बर्स दांपत्य १९३५ च्या अखेरीस, ड्रायर पति-पत्नींसह, मोटारीने प्रथम मेक्सिकोला गेले. लारेदो ते मेक्सिको सिटी हा महामार्ग रीतसर खुला झाला तो त्यानंतर, जुलै १९३६ मध्ये. १९६७ पर्यंत त्यांच्या एकूण किती फेऱ्या झाल्या याविषयी एकमत नाही. ‘बारांहून अधिक’ असे सावध विधान काही ठिकाणी आढळते. चौदा हा आकडा अधिक प्रचलित आहे. वाहाका प्रांतातील मोंते आल्बान व मीत्ला, राजधानीजवळचे तेओतिवाकान व तेनायूका आणि युकातानमधील उश्माल व चिचेन इत्सा ही प्राचीन अवशेषांची स्थळे त्यांनी पाहिली, त्यांपैकी काही वारंवार. ऑगस्ट १९३६ मध्ये मेक्सिको सिटीतील ‘एल नासिओनाल’ या वृत्तपत्राच्या इमारतीत योझेफ यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच महिन्यात त्यांनी चित्रकार वासिली कँडिन्स्की यांना पत्र लिहून, मेक्सिको ही अमूर्त कलेची भूमी आहे आणि इथे ती हजारो वर्षे नांदते आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी राजधानीलगतच्या त्लाल्पान येथे वर्ग घेतले. ब्लॅक माउंटन सोडल्यावर १९४९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातही ते शिकवीत होते.

या फेऱ्यांत मातीच्या लहान प्राचीन मूर्ती जमत गेल्या. तेओतिवाकानच्या परिसरातील शेतकऱ्यांची मुले शेतात सापडलेले तुकडे विकायला आणत. ते अस्सल आहेत यावर ॲनी यांचा प्रथम विश्वास बसेना. न्यूयॉर्कचे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी निर्वाळा दिल्यावर शंका फिटली. तळहातावर मावणाऱ्या या मूर्तींचा योझेफ यांच्या अध्यापनाशी जवळचा संबंध आहे. कलावंताने साधनद्रव्याशी प्रामाणिक राहावे, माती मातीसारखी आणि दगड दगडासारखा दिसावा, हे तत्त्व व्याख्यानांत मांडताना ते प्राचीन मेक्सिकन शिल्पांचे दाखले देत.

योझेफ यांच्या चित्रांतील मेक्सिको : ‘टू मीत्ला’ (१९४०), ‘तेनायूका’ (१९४३) अशी शीर्षके त्यांनी स्वतःच दिल्यामुळे प्रभाव उघड आहे. वाद आहे तो त्याच्या खोलीविषयी. मीत्ला येथील भिंतींवर दगडाचे लहान तुकडे चुन्याऐवजी मुख्यतः अचूक घडाईच्या जोरावर बसवून पायऱ्या-पायऱ्यांची नागमोडी नक्षी साधली आहे. पुढे आलेली नक्षी आणि मागे गेलेली पार्श्वभूमी यांचे माप जवळपास सारखे असल्याने, ऊन फिरले की कोणते पुढे आणि कोणते मागे हे डोळ्याला ठरवता येत नाही. आल्बर्स यांच्या १९४० नंतरच्या रेषाचित्रांत आणि १९४२ च्या जस्तपत्र्यावरील शिळाछापांत नेमका हाच दृष्टिभ्रम आहे. म्हणून काही अभ्यासक त्यांच्या प्रगल्भ भूमितीचा उगम मेक्सिकोत शोधतात. मात्र ‘स्टेप्स’ (१९३१) ही वाळूच्या फवाऱ्याने कोरलेली काचकृती पायऱ्यांचीच आहे आणि ती जर्मनीतील देसाउच्या वास्तव्यातली, म्हणजे मेक्सिको पाहण्याच्या चार वर्षे आधीची आहे. बौहाउसमधील त्यांच्या १९२० च्या दशकातील काचकृतींतही पुढे-मागे होणारे पट्टे आहेत. तेव्हा मेक्सिकोने त्यांना भूमिती दिली असे म्हणण्यापेक्षा, जी भूमिती त्यांच्या हाती आधीच होती तिला तेथे प्राचीन आधार सापडला, हे मत पुराव्याला अधिक धरून आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र ऋण थेट दिसते. ‘व्हेरिअंट’ किंवा ‘अडोबी’ या नावाने ओळखली जाणारी मालिका १९४६–४७ च्या रजेच्या वर्षात सुरू झाली. कच्च्या विटांच्या घराचा रंगवलेला दर्शनी भाग आणि त्यातील दोन दारे वा खिडक्या एवढाच तिचा आराखडा. चौकटींच्या जाळ्यावर तो असा बेतला आहे की प्रत्येक रंगाला जवळपास सारखेच क्षेत्रफळ मिळते. नळीतला रंग बहुधा दुसऱ्या रंगात न मिसळता सुरीने पसरलेला असतो. या मालिकेचे मूळ मेक्सिकोत की सीमेअलीकडच्या न्यू मेक्सिको राज्यात, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. रजेचा काही काळ त्यांनी तेथील ला लूझ या गावी घालवला होता. घरे दोन्हीकडे मातीचीच असली, तरी गुलाबी, गडद नारिंगी आणि निळ्याची धीट संगती पाहता बहुतेक जण मेक्सिकोकडे झुकतात. १९५० पासूनच्या ‘होमेज टू द स्क्वेअर’ या प्रसिद्ध मालिकेची पूर्वतयारी इथे झाली.

ॲनी यांचे विणकाम : ‘मोंते आल्बान’ आणि ‘एन्शंट रायटिंग’ ही १९३६ ची दोन कापडे या विनिमयाची सर्वांत चर्चिलेली फलिते होत. पहिल्यात मूळ कापडाच्या ताण्याबाण्याखेरीज एक जादा बाणा घेऊन तो पृष्ठभागावरून मोकळा फिरवला आहे. तो तिरपा चढतो, आडवा सरकतो, खाली उतरतो. त्यातून मोंते आल्बानच्या डोंगरमाथ्यावरील चौथरे आणि जिने यांचा भास होतो. पैठणीच्या पदराशी हे काम ताडून पाहिले तर फरक नीट समजतो. पैठणीत वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून नक्षी कापडातच भरलेली असते. ती काढली तर कापडच उरणार नाही. ॲनी यांचा फिरता बाणा ओढून काढला, तरी खालचे कापड शाबूत राहील. या तंत्राने विणकराला चित्रकारासारखी रेघ मिळाली.

हे तंत्र मेक्सिकोतून आले का? कृतींच्या नावांमुळे तसे गृहीत धरले जाते, पण येथे सावधगिरी हवी. मेक्सिकोच्या दमट हवामानात स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे कापड फारच थोडे टिकले. पेरूच्या कोरड्या किनारी वाळवंटातील दफनांत मात्र ते विपुल सापडते आणि बर्लिनच्या मानववंश संग्रहालयातील पेरूचा संग्रह ॲनी यांच्या परिचयाचा होता. आपल्या १९६५ च्या विणकामविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिकाही त्यांनी प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून, वाहिली आहे. यावरून तंत्राचे ऋण पेरूचे, आकाराचे ऋण मेक्सिकन वास्तूंचे, अशी विभागणी करणे इष्ट ठरते. मेक्सिकोत त्यांना मिळाली ती जिवंत परंपरा. तेथील बाया ताण्याचे एक टोक झाडाला वा खांबाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला पट्ट्याने बांधून विणत. पुढे-मागे कलून ताण कमी-अधिक करायचा, म्हणजे विणकरीण स्वतःच मागाचा भाग होते. चार काठ्या आणि एक पट्टा एवढ्याच साधनांचा हा माग ॲनी यांनी ब्लॅक माउंटनच्या वर्गात आणला. यंत्रमागाच्या युगातील विद्यार्थ्याला विणण्याची मूळ क्रिया अंगाने कळावी हा त्यामागील हेतू.

दागिने : मोंते आल्बान येथील सातव्या क्रमांकाची कबर आल्फोन्सो कासो यांनी जानेवारी १९३२ मध्ये उघडली. तिच्यातील, मिश्तेक या प्राचीन मेक्सिकन समाजाच्या दागिन्यांत सोने, मोती, पाचूसारखा हिरवा जेड दगड, स्फटिक आणि साधे शिंपले एकत्र गुंफलेले होते. मोलाचे आणि बिनमोलाचे हा भेद न मानणारी ती दृष्टी ॲनी व त्यांचे विद्यार्थी अलेक्झांडर रीड यांना भावली. सु. १९४० पासून त्या दोघांनी मोरीची जाळी, कागदाच्या क्लिपा, केसांच्या पिना, नळाचे वायसर आणि फिती यांचे हार बनवले. १९४६ मध्ये म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या दागिन्यांच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. महायुद्धकाळातील टंचाईमुळे हे साहित्य वापरले, हे स्पष्टीकरण कधीकधी दिले जाते. अमेरिकेचा युद्धप्रवेश १९४१ च्या अखेरचा असल्याने ते पुरेसे ठरत नाही.

झां शार्लो (१८९८–१९७९) : मेक्सिकोहून संस्थेकडे आलेला प्रवाह त्यामानाने क्षीण आहे. शार्लो हे त्यातील ठळक नाव. १९२१ मध्ये ते मेक्सिकोत आले, भित्तिचित्र-चळवळीच्या पहिल्या फळीत त्यांनी काम केले आणि १९२६ पासून चिचेन इत्सा येथील उत्खननात चित्रकार म्हणून राहिले. १९४४ च्या उन्हाळी कलावर्गासाठी ते ब्लॅक माउंटनला आले. ‘स्टडीज बिल्डिंग’ या, शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेल्या इमारतीखालच्या काँक्रीटच्या खांबांवर त्यांनी ओल्या गिलाव्यात दोन भित्तिचित्रे रंगवली. या पद्धतीत चुन्याचा गिलावा वाळण्याआधी त्या दिवसाचा भाग संपवावा लागतो. गवंडी आणि चित्रकार यांना एकाच लयीत काम करावे लागते. हातांनी बांधणाऱ्या त्या संस्थेला हे शिक्षण मानवणारे होते. मानवाकृतीला केंद्रस्थानी ठेवणारे शार्लो आणि अमूर्ताचे पुरस्कर्ते आल्बर्स यांच्या भूमिका भिन्न असूनही आल्बर्स यांनी त्यांना वर्ग दिला, हे लक्षणीय आहे. रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारांच्या राजकीय भित्तिचित्रांचे पडसाद मात्र संस्थेच्या कामात जवळपास उमटलेले नाहीत. आल्बर्स यांचे मन जिंकले ते मेक्सिकोच्या प्राचीन आणि अनामिक कलेने.

रूथ असावा (१९२६–२०१३) : जपानी वंशाच्या या अमेरिकन शिल्पकर्तीने दोन्ही दिशा जोडल्या. १९४५ च्या उन्हाळ्यात मेक्सिको सिटीत त्या पोर्सेत यांच्याकडे शिकल्या, तेथे आल्बर्स यांच्याविषयी ऐकले आणि १९४६ मध्ये ब्लॅक माउंटनला दाखल झाल्या. पुढच्या वर्षी तोलूका या गावी स्वयंसेवी शिक्षिका म्हणून गेल्या असता बाजारातील अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या त्यांनी पाहिल्या आणि एका स्थानिक कारागिराकडून ती वीण शिकून घेतली. मराठीत ‘विणणे’ हा शब्द माग, सुया आणि क्रोशा या तिन्हींना चालतो, त्यामुळे खुलासा आवश्यक आहे : या विणीत ताणा नाही, बाणाही नाही. एकच तार फासाफासाने पुढे जाते आणि प्रत्येक नवा फास आधीच्या रांगेतील फासात अडकतो. त्यामुळे रांगेतील फास वाढवले की आकार फुगतो, घटवले की आवळतो. पुढे त्यांनी याच विणीतून एकात एक असणारे, छतापासून टांगलेले पारदर्शक आकार घडवले. अमेरिकन शिल्पकलेतील त्यांचे स्थान मुख्यतः या कामामुळे आहे.

उत्तरकाल : आल्बर्स गेल्यावर दृश्यकलेतील मेक्सिकोचा धागा विरळ होतो. कवी चार्ल्स ओल्सन यांनी १९५१ चा पूर्वार्ध काम्पेचे किनाऱ्यावरील लेर्मा या गावी माया लिपीचा मागोवा घेण्यात घालवला. तेथून कवी रॉबर्ट क्रीली यांना लिहिलेली पत्रे १९५३ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यानंतर ओल्सन संस्थेचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये संस्था बंद होईपर्यंत तिचा कल काव्याकडे राहिला.

आल्बर्स दांपत्याचे मेक्सिकोशी नाते पुढेही टिकले. वास्तुकार रिकार्दो लेगोरेता यांनी मेक्सिको सिटीत बांधलेल्या ‘कामिनो रेआल’ हॉटेलसाठी ॲनी यांनी १९६८ मध्ये तांबड्या-गुलाबी त्रिकोणांचे भव्य भिंतवस्त्र केले. ते मागावरचे नसून नमद्याचे तुकडे जोडून केलेले आहे. मेक्सिको, ग्वातेमाला व पेरू येथून त्यांनी अध्यापनासाठी जमवलेली कापडे, युरोपात रेडक्रॉसचे काम करताना १९४५ मध्ये मृत्यू पावलेल्या हॅरिएट एंगलहार्ट या विद्यार्थिनीच्या स्मरणार्थ ब्लॅक माउंटनच्या संग्रहात ठेवली होती. संस्था बंद झाल्यावर ती येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात गेली. शार्लो यांची भित्तिचित्रे नॉर्थ कॅरोलायनातील त्याच खांबांवर उघड्या हवेत आहेत. ती जागा आता मुलांच्या उन्हाळी शिबिराची आहे.