हक फिनमधला खरेपणा आला कुठून

अमेरिकेत शाळेत मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी शिकवतात तेव्हा रिअ‍ॅलिझमचा, म्हणजे आयुष्य जसं आहे तसं लिहिण्याचा, विषय निघतोच. १८६५ला सिव्हिल वॉर, म्हणजे उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध, संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, एवढी माणसं मेल्यावर शूर सरदार आणि नाजूक नायिकांच्या गोष्टी लोकांना खोट्या वाटायला लागल्या, मग विल्यम डीन हॉवेल्ससारखे संपादक साध्या माणसांबद्दल लिहा म्हणून मागे लागले, असं सगळं सांगतात. ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर मार्क ट्वेनचा खरेपणा कुठल्या थिअरीतून आलेला नाही, तो आलाय कानातून आणि गावातून.

आधी कानाचं बघू. ट्वेन उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला मेव्हणीच्या फार्मवर जायचा, तिथे स्वयंपाकाला मेरी अ‍ॅन कॉर्ड नावाची बाई होती, पूर्वी गुलाम होती, तिचा नवरा आणि मुलं लिलावात विकली गेली होती आणि सगळ्यात धाकटा मुलगा तिला बऱ्याच वर्षांनी युद्धाच्या काळात परत भेटला. तिने सांगितलेली ही हकीकत ट्वेनने तिच्याच बोलीत लिहून काढली आणि १८७४मध्ये हॉवेल्सच्या 'अटलांटिक मंथली' मासिकात छापून आली. दोन वर्षांनी, १८७६ला, त्याच फार्मवर त्याने हक फिन लिहायला घेतलं, आणि हे पुस्तक अख्खं हक नावाच्या एका अर्धशिक्षित पोराच्या तोंडून, त्याच्याच भाषेत सांगितलेलं आहे! त्या काळी बोलीभाषा बहुतेक वेळा हसवण्यापुरती वापरायचे, इथे तीच भाषा सगळं दुःखसुद्धा पेलते. वेगवेगळ्या बोली मुद्दाम मेहनतीने वापरल्यात असं त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

आता गाव. मिसुरीतलं हॅनिबल, मिसिसिपीच्या काठावरचं, जिथे तो वाढला, आणि मिसुरीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. १८४५ला तिथे एका व्यापाऱ्याने भर रस्त्यात दारू पिऊन शिव्या देणाऱ्या माणसाला गोळी घातली, साक्षी नोंदवून घेणारा जस्टिस ऑफ द पीस (गावातला छोटा न्यायाधीश) म्हणजे ट्वेनचा बापच, आणि कादंबरीतला बॉग्ज नावाच्या दारुड्याचा खून वाचताना अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. हक स्वतः घेतलाय गावातल्या टॉम ब्लँकनशिप नावाच्या गरीब पोरावरून. त्याच्या मोठ्या भावाने एका पळून आलेल्या गुलामाला नदीतल्या बेटावर लपून जेवण पोचवलं होतं, पकडून दिलं असतं तर बक्षीस मिळालं असतं आणि घरात तर दारिद्र्य, तरी दिलं नाही. मला वाटतं कादंबरीचं बी इथेच आहे, कारण हकसुद्धा त्याच्यासोबत पळणाऱ्या जिम या गुलामाला पकडून द्यायचं पत्र लिहितो आणि मग फाडून टाकतो, आणि आपण नरकात जाणार असं त्याला मनापासून वाटत असतं. गुलामगिरीने चांगल्या पोराचं मनसुद्धा किती वाकडं करून ठेवलं होतं हे याहून खरं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

पुस्तक मध्येच अडलं, १८८२ला तो पुन्हा मिसिसिपीवर फिरून आला, १८८३ला संपवलं, आणि अमेरिकेत ते फेब्रुवारी १८८५ला आलं. महिन्याभरात मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्डच्या लायब्ररीने गावंढळ आणि असभ्य म्हणून बाहेर काढलं. शेवटच्या प्रकरणांमध्ये हकचा मित्र टॉम सॉयर येऊन जिमच्या सुटकेचा खेळ करतो तिथे मात्र हा खरेपणा ढिला पडतो, असं मलाही वाटतं.

आणि यात आपली मुंबईपण आहे. जानेवारी १८९६ला ट्वेन व्याख्यानांसाठी मुंबईत आला तेव्हा हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने नोकराच्या जबड्यावर फटका मारला, नोकर काही बोलला नाही. असं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, एका क्षणात आपण लहानपणीच्या गावात पोचलो, असं त्याने प्रवासवर्णनात लिहिलंय, आणि त्याच पानांवर दहा वर्षांचा असताना पाहिलेलं, एका माणसाने क्षुल्लक चुकीसाठी गुलामाच्या डोक्यात लोहखनिजाचं ढेकूळ फेकून त्याला मारलं, तेही.