मान वर करण्याआधी खाली बघा

फाल्गुनात सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलात उघड्याबोडक्या उतारावर एखादं झाड पेटल्यासारखं दिसतं आणि गटातलं कुणीतरी ओरडतं, "पळस फुललाय!" तो पळसच असतो असं नाही. सावर, पांगारा आणि पळस तिन्ही याच सुमारास, पानं झडलेली असताना फुलतात. मीही एकदा खाली पडलेलं तीन दलांचं पान दाखवून पांगाऱ्याला ठामपणे पळस म्हटलंय. पळसाला पानं तीनच, कबूल. पण पांगाऱ्यालाही तीनच असतात, हे म्हण सांगत नाही!

तेव्हापासून मी आधी झाडाखालचं फूल उचलतो.

हाताला जड, मांसल लागलं, जाड पाच पाकळ्या आणि मधोमध पन्नासहून जास्त पुंकेसरांचा झुबका असला, तर ती सावर. हे फूल पाकळी-पाकळी गळत नाही, थप्पकन अख्खं पडतं. भेकरं, चितळं ती आवडीनं खातात, म्हणून पहाटे सावरीखाली माग शोधावेत.

पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. देठाकडची वाटी काळपट, मखमली. बोट फिरवून बघाच. चोच हलकेच उकला, आत दहा पुंकेसर दडलेले दिसतील: नऊ जोडलेले, एक सुटा. पांगाराही त्याच कुळातला, त्यामुळे पुंकेसरांचा हिशेब तोच. पण त्याचे पुंकेसर लपत नाहीत, बाहेर डोकावतात. एक पाकळी बाकीच्यांपेक्षा खूप मोठी असते. फुलं फांदीच्या टोकाला दाट तुऱ्यात येतात. खोडावरच्या काट्यांवर मात्र विसंबू नका, ते सावरीलाही असतात.

यातलं कुठलंही फूल नाकाशी न्या, वास जवळपास नाहीच. गिऱ्हाईक वेगळं आहे ना! मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो. मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सकाळपासून गर्दी करतात. पानं आड येत नसल्यानं फुलं त्यांना लांबूनच दिसतात.

परतताना पायवाटेच्या कडेला डोक्याइतक्या उंच झुडपावर बारीक लाल नळ्या लगडलेल्या दिसल्या, तर ती धायटी. तिची लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज, म्हणजे फुलाची देठाकडची वाटी. खऱ्या पाकळ्या इतक्या चिमुकल्या की भिंगातून शोधाव्या लागतात. आयुर्वेदात आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात.