परसबागेतील भाज्यांचा स्वयंपाक

घरालगतच्या बागेत किंवा शेताच्या लहान तुकड्यात पिकलेला भाजीपाला त्याच्या हंगामात, काढणीनंतर फार वेळ न दवडता शिजविण्याची पद्धती. यात पदार्थ आधी ठरवून भाजी आणली जात नाही. वाफ्यात त्या दिवशी जे तयार झाले असेल त्यावरून पदार्थ ठरतो.

उगम : घराजवळची लागवड धान्यशेतीच्या आधीची की नंतरची, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी 1950 च्या सुमारास मांडलेल्या मतानुसार वस्तीजवळच्या उकिरड्यावर पडलेल्या बिया तेथील सकस मातीत आपोआप रुजल्या आणि माणसाने त्यांतील उपयोगी झाडे राखली. भूगोलज्ञ कार्ल सॉअर यांनी 1952 मध्ये कंद व फांद्यांपासूनची लागवड बियांच्या शेतीपेक्षा जुनी मानली व तिचा उगम आग्नेय आशियातील मासेमारांच्या वस्त्यांत असावा, असे सुचविले. जळालेले धान्य हजारो वर्षे टिकते. पालेभाज्या व कंद मात्र फारच थोडे अवशेष मागे ठेवतात. त्यामुळे पुराव्याचे पारडे धान्याकडे झुकते, हे लक्षात ठेवले पाहिजे. अँडरसन यांचे मत सर्व पिकांना लावता येत नाही. भोपळावर्गीय वेलींबाबत मात्र ते अधिक ग्राह्य वाटते. त्यांतही दुधी भोपळ्याचा प्रवास वादग्रस्त आहे. मूळचा आफ्रिकेतील हा वेल सुमारे 10,000 वर्षांपूर्वी अमेरिका खंडात होता. तो आशियातून माणसांबरोबर तेथे गेला, असे 2005 मधील संशोधनाने सुचविले, तर 2014 मधील जनुकीय अभ्यासाने आफ्रिकेतून समुद्रप्रवाहाबरोबर वाहत गेल्याच्या शक्यतेला बळ दिले. आरंभी तो भाजीपेक्षा भांडे म्हणूनच राखला गेला असावा.

लेखी परंपरा विरळ आहे. आपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहातील (बहुधा इ. स. चौथे-पाचवे शतक, काही मजकूर त्याहून जुना) भाज्यांच्या तिसऱ्या भागाला ‘माळी’ या अर्थाचे ग्रीक नाव आहे. मात्र तो संग्रह संपन्न घरांचा आहे.

काढणी आणि चव : खुडलेली भाजी श्वसन करीतच राहते व त्यात तिची साखर खर्च होते. कोवळे कोंब, शेंगांतील हिरवे दाणे व कणसे यांचे श्वसन जलद, तर पक्व कंदांचे मंद असते. म्हणून मटार व मका आधी शिजवावा, बटाटा थांबू शकतो. साध्या जातीच्या गोड मक्यात 30° से. तापमानाला एका दिवसात निम्म्याहून अधिक सुक्रोज (साखर) नाहीसे होते. त्यातील बराचसा भाग पिष्टात बदलतो. पाण्याला उकळी आल्यावरच कणीस तोडावे, या सांगण्यामागे हे कारण आहे. जॉन लॉफनन यांनी 1950 च्या दशकात पुढे आणलेल्या अतिगोड वाणांत पिष्टनिर्मितीच अडखळते, त्यामुळे तेथे एवढी घाई लागत नाही. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो. काकडी पिकत नाही. पिकलेला टोमॅटो शीतकपाटात ठेवल्यास त्याच्या सुगंधी द्रव्यांची निर्मिती मंदावते आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्णपणे पूर्ववत होत नाही.

हिरव्या भाज्या उष्णता व आम्ल यांमुळे मळकट होतात, कारण हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते. भांडे उघडे ठेवल्यास बाष्पशील आम्ले उडून जातात. खाण्याचा सोडा रंग राखतो, पण ब१ व क जीवनसत्त्वांचा नाश वाढवितो. कोवळ्या भाजीला त्याची गरज नसते.

बहर ओसंडला की वाळविणे, खारविणे व आंबविणे हे उपाय. हवाबंद बाटल्यांत मात्र सामू 4.6 पेक्षा जास्त असलेल्या, म्हणजे कमी आम्ल भाज्या नुसत्या उकळून भरू नयेत. बॉट्युलिझम या घातक अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू त्या तापमानाला टिकतात. त्यासाठी दाबपात्र लागते.

घरच्या बियांबाबतचा धोका फारसा सांगितला जात नाही. एका वाफ्यात खाण्याचा व शोभेचा भोपळा एकाच वनस्पतिजातीचे (स्पीशीज) असले, तर परपरागण होऊन पुढच्या पिढीच्या फळांत कुकर्बिटासिन ही कडू विषारी द्रव्ये येऊ शकतात. शिजविल्याने ती नष्ट होत नाहीत. भोपळा, दुधी किंवा काकडी चिरताना कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागल्यास ती थुंकावी, सगळे फळ टाकून द्यावे आणि त्या वेलाचे बी पुढील हंगामासाठी ठेवू नये.